घरसंसार : बाळंतपणाची रजा आणि घराचे कर्ज



आपल्या माणसाला स्वतःच्या घराची ओढ का असते, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. १९७८ साली नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. कित्येकांनी तेव्हा गाव सोडले आणि शहराच्या कडेला पत्र्याच्या खोलीत संसार मांडला. त्यांची नातवंडे आज शिकली आहेत, कामाला लागली आहेत. तरी भाड्याची खोली बघायला गेले की आधी नाव विचारतात, मग आडनाव. आणि आडनाव कळले की खोली "कालच दुसऱ्याला दिली" असे उत्तर मिळते. म्हणून चार भिंती आपल्या असाव्यात, दारावर आपले नाव असावे, आत भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावताना घरमालकाची परवानगी लागू नये, एवढे साधे मागणे घेऊन आपली मुलेमुली आता बँकेच्या दारात जाऊ लागली आहेत. ही मोठी चांगली गोष्ट आहे.

परंतु या वाटेवर एक खड्डा आहे आणि त्यात नेमक्या आपल्या लेकीच पडतात, म्हणून आज त्याविषयी लिहितो. हा खड्डा आहे बाळंतपणाच्या रजेचा. ज्या बाईची नोकरी कायम आहे तिला तो फारसा जाणवत नाही. जिची नोकरी कंत्राटी आहे, मानधनावर आहे, रोजंदारीवर आहे, किंवा तासिकेवर शिकवण्याची आहे, तिला मात्र तो गिळतो.

आमच्या वस्तीतील एका भगिनीचे उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात ती सहा वर्षे कंत्राटी परिचारिका आहे. अकरा महिन्यांचा आदेश, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग नवा आदेश, असे तिचे चालले आहे. महिन्याला वीस हजार मिळतात. नवरा ऑटो चालवतो. खर्च जाऊन बारा-तेरा हजार घरात आणतो, पण त्याचा कागद कुठेच नाही. दोघांनी मिळून दोन खोल्यांचे तयार घर पाहिले. किंमत चौदा लाख. चार लाख जवळ होते, त्यात तिची भिशी आली, थोडे सोने आले. दहा लाखांचे कर्ज काढायचे ठरले. पन्नास हजार इसार देऊन झाला. तोपर्यंत तिचे दिवस भरत आले, ती रजेवर गेली आणि बाळंत झाली. मुलगी झाली. अर्ज बँकेत गेला तेव्हा बाळ दोन महिन्यांचे होते.

बँकेतल्या साहेबांनी खातेउतारा पाहिला. शेवटच्या चार महिन्यांत पगाराची एकही नोंद नाही. रजेचा पगार मंजूर होता, पण कार्यालयात अनुदान आले नव्हते. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही कामावर रुजू व्हा, तीन महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या आणा, मग बघू." आणि वर असेही म्हणाले की तुमचा आदेश तर दोन महिन्यांनी संपतो आहे, नवा मिळेल याची हमी कोण देणार?

ती घरी येऊन मला म्हणाली, "भाऊ, सहा वर्षं दुसऱ्यांची बाळंतपणं केली तवा पगार होता. माझं बाळंतपण झालं तर म्हणले, तुमचं उत्पन्न शून्य आहे."

यातली खरी गोम वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. त्या घरात कागदावर दिसणारे उत्पन्न तिचेच होते. नवऱ्याची कमाई रोखीची, वहीत नसलेली. म्हणजे घराचा आर्थिक कणा ती, आणि नेमका ज्या सहा महिन्यांत घराची सर्वांत जास्त गरज असते त्याच सहा महिन्यांत तो कणा कागदावरून पुसला जातो. मग पुढे काय होते? दोन गोष्टी होतात आणि दोन्ही वाईट. एक तर फायनान्सवाला दारात येतो आणि म्हणतो, आठ दिवसांत पैसे देतो. दुसरे म्हणजे घरातली मोठी माणसे म्हणतात, हिचे उत्पन्न धरत नाहीत ना, मग खरेदीखत पोराच्याच नावाने करू, कशाला हिचे नाव मध्ये? या मुलीच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या.

आधी फायनान्सवाल्याचा हिशेब करू. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आकडे दिसले की हात शिवशिवतात. दहा लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत. व्याज ९ टक्के असेल तर महिन्याचा हप्ता येतो ८,९९७ रुपये. व्याज १३ टक्के असेल तर हप्ता येतो ११,७१६ रुपये. फरक महिन्याला २,७१९ रुपयांचा. ऐकायला फार वाटत नाही. पण वीस वर्षांचे महिने २४०. गुणाकार केला की होतात ६ लाख ५२ हजार ५६० रुपये. बँकेसाठी चार-पाच महिने थांबायचे नाही म्हणून साडेसहा लाख रुपये! एवढ्या पैशांत त्या मुलीच्या मुलीचे कॉलेज होईल. सगळ्याच गृहवित्त कंपन्या वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांना बँक उभे करीत नाही, तेव्हा याच कंपन्या कर्ज देतात हेही खरे. परंतु जिच्याकडे सहा वर्षांचे आदेश आहेत तिने त्यांच्याकडे जायचे कारण नाही. तिला फक्त ते आदेश नीट मांडून दाखवायचे आहेत.

बँकेला सरसकट शिव्या देऊनही उपयोग नाही. बँक देते तो पैसा ठेवीदारांचा असतो, आणि वीस वर्षांसाठी देते. हप्ता येत राहील का, एवढाच तिचा प्रश्न असतो. आज पगार किती आहे यापेक्षा तो थांबणार तर नाही ना, हे ती बघते. पण बाळंतपण म्हणजे पगार थांबणे नव्हे. कायद्याने तो थांबतच नाही. बँकेच्या टेबलावर हीच गोष्ट कागदाने सिद्ध करायची असते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे सदस्य असताना प्रसूती भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी त्यांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार तिच्या एकटीवर पडू नये, हे त्यांनी मांडले. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांताचा कायदा झाला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही त्यांनी सुधारणा करून घेतल्या. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा तिच्यात गेला, पण २६ आठवडे आणि आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याची अट या दोन्ही गोष्टी तशाच आहेत.

"पण हे कायम नोकरदारांसाठी" असे कार्यालयातला बाबू म्हणेल. म्हणू द्या. दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरील रोजंदार स्त्रिया सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि ८ मार्च २००० रोजी, महिलादिनीच, न्यायालयाने सांगितले की रोजंदारीवरील बाईलाही प्रसूती लाभ मिळालाच पाहिजे. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायांनी मिळवलेला हा निकाल आहे. त्यानंतर डॉ. कविता यादव यांचा खटला. दिल्लीतील सरकारी रुग्णालयात त्या कंत्राटी डॉक्टर होत्या. त्यांची रजा १ जून २०१७ पासून हवी होती आणि कंत्राट ११ जूनला संपत होते. कार्यालय म्हणाले, अकराच दिवसांचा पगार मिळेल. खालच्या दोन पायऱ्यांवर त्या हरल्या. १७ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कंत्राट मध्येच संपले तरी पूर्ण २६ आठवड्यांचा लाभ द्यावा लागेल. आमच्या परिचारिका भगिनीसाठी हा निकाल किती मोलाचा आहे पहा. आदेश दोन महिन्यांनी संपतो म्हणून रजेचा पगार बुडत नाही.

आता कागदांकडे येतो. वेतनाचे दाखले टंकून देण्याचे काम मी इतकी वर्षे करतो आहे, त्यामुळे बँकेत कोणता दाखला चालतो आणि कोणता परत येतो हे अनुभवाने कळले आहे. "सदर महिला या कार्यालयात कार्यरत असून तिला मासिक अमुक मानधन मिळते" एवढ्या एका ओळीचा दाखला रजेवरच्या बाईच्या कामाचा नाही. बँकेला तो कोरा कागद वाटतो. दाखल्यात पाच गोष्टी याव्यात. पहिल्या नेमणुकीची तारीख. त्यानंतरच्या प्रत्येक आदेशाचा क्रमांक, तारीख आणि कालावधी. मधला खंड तांत्रिक स्वरूपाचा होता व प्रत्येक वेळी पुन्हा नेमणूक झाली, असे स्पष्ट वाक्य. प्रसूती रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ती भरपगारी आहे का आणि पगार थकला असेल तर किती थकला आहे. आणि शेवटी, रुजू होण्याची अपेक्षित तारीख. खाली जावक क्रमांक, सही आणि गोल शिक्का. अधिकारी सही करायला कुरकुर करतात, खंड तांत्रिक आहे असे लिहून देणे म्हणजे उद्या कायम करा म्हणून कोर्टात जाल अशी त्यांना भीती असते. त्यांना सांगावे की साहेब, यात जे आहे ते तुमच्याच आदेशांत आहे, नवे काही नाही. तरीही ते वाक्य घालत नसतील तर निदान सर्व आदेशांची यादी तारखांसह द्या म्हणावे. यादी बोलते.

त्या दाखल्यासोबत सहा वर्षांचे सगळे आदेश क्रमाने लावून, सुईदोऱ्याने शिवून न्यावेत. हे हसण्यासारखे वाटेल, पण सुटे कागद हरवतात आणि हरवलेला नेमका मधलाच आदेश असतो. खातेउतारा सहा महिन्यांचा मागितला तरी दोन वर्षांचा न्यावा. चार महिने कोरे दिसले तरी त्याआधीचे वीस महिने भरलेले दिसतात. आयकर विवरण भरत असाल तर दोन-तीन वर्षांची विवरणे. कर लागत नाही म्हणून विवरण भरायचे नाही हा समज आपल्याकडे फार आहे. कर शून्य असला तरी विवरण भरून ठेवावे, गरिबाचा तोच उत्पन्नाचा पुरावा होतो. ऑटोवाले, शिलाई करणाऱ्या, भाजीचा गाडा लावणाऱ्या, सर्वांनाच हे लागू आहे. आमच्या भगिनीच्या नवऱ्याने हे तीन वर्षे आधी सुरू केले असते तर अर्धे काम सोपे झाले असते.

सिबिलचाही बाऊ झाला आहे. पतमाहिती ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो. तो आधीच काढून पाहावा. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जाचा हप्ता बाळंतपणाच्या गडबडीत चुकला असेल तर तोही त्यात दिसतो. रजेच्या काळात एकही हप्ता चुकू देऊ नये, मग तो तीनशे रुपयांचा का असेना.

बँकेने नाही म्हटले तर काय करायचे? पहिली गोष्ट, तोंडी नकार घेऊन घरी यायचे नाही. रिझर्व्ह बँकेने २००३ साली कर्ज देणाऱ्यांसाठी आचारसंहिता घालून दिली. लिंग, जात आणि धर्म यांवरून कर्जात भेदभाव करता येणार नाही, असे त्यात आहे. २००७ पासून कोणत्याही रकमेचा कर्ज अर्ज नाकारला तर त्याचे मुख्य कारण लेखी कळवणे बंधनकारक झाले. म्हणून अर्ज रीतसर द्यावा, पोच घ्यावी आणि "साहेब, कारण लिहून द्या" असे नम्रपणे म्हणावे. बाळंतपणाची रजा हे नकाराचे कारण कागदावर लिहायला कोणाचाही हात धजत नाही, असा माझा अनुभव आहे. लेखी मागितले की पुष्कळदा फाइल पुन्हा उघडते. नाहीच उघडली तर बँकेच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे लागत नाहीत. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार मात्र राष्ट्रीय आवास बँकेकडे करायची असते.

बँकांच्या मनात गरोदरपणाविषयी काय असते, याचे एक जाहीर उदाहरण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. स्टेट बँकेने २०२१ च्या अखेरीस नोकरभरतीसाठी परिपत्रक काढले की तीन महिन्यांहून जास्त दिवस गेलेल्या गरोदर उमेदवार तात्पुरत्या अपात्र समजाव्यात. देशभरातून ओरड झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये ते मागे ठेवावे लागले. नोकरी देताना ज्यांना हे वाटते त्यांना कर्ज देताना काय वाटत असेल? अमेरिकेत तर यावर कायदाच आहे. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, एप्रिल १९६८ मध्ये, तिथे घरांच्या बाबतीत भेदभाव करण्यास बंदी करणारा कायदा झाला. कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून तो आला. १९८८ मध्ये त्याच कायद्याखाली गरोदर स्त्रिया व लेकुरवाळी कुटुंबेही आली. प्रसूती रजेवरील स्त्रियांना गृहकर्ज नाकारल्याच्या आरोपांवरून २०१४ साली वेल्स फार्गो या बँकेला ५० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. काळ्या माणसाच्या लढ्यातून आलेला कायदा पुढे सर्वच बायांच्या कामी आला, हे आपल्या चळवळीने लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे गरोदरपणाचे नाव घेऊन कर्जातील भेदभावाला बंदी करणारा असा स्पष्ट कायदा हवा, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत यायला हरकत नाही. निवेदनांत पुतळा, कमान आणि सभागृह नेहमीच असते.

आता दुसऱ्या गोष्टीकडे, खरेदीखतावरच्या नावाकडे. इथे मला घरातल्या माणसांशीच बोलायचे आहे. उत्पन्न धरले जाणे वेगळे आणि मालकी वेगळी. बँकेने हप्त्याच्या हिशेबात तिचा पगार आज धरला नाही तरी ती सहकर्जदार होऊ शकते आणि खरेदीखतावर तिचे नाव लागू शकते. बँकेला त्यात अडचण नसते, उलट घराचे सगळे मालक कर्जात सह्या करणारे असले तर तिला हवेच असते. तेव्हा "बँकच तिचे नाव नको म्हणते" हे वाक्य कोणी घरात बोलले तर ते तपासून घ्यावे. चार लाखांत तिची भिशी आहे, तिच्या बांगड्या आहेत. हिंदू कोड बिलात बाईला मालमत्तेत हक्क मिळत नाही म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांची तसबीर ज्या भिंतीवर लावायची त्या भिंतीच्या कागदावर सुनेचे नाव नसावे?

शिवाय व्यवहारानेही तिचे नाव फायद्याचे आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चौदा लाखांच्या घरावर चौदा हजार वाचतात. नवऱ्याचे नाव सोबत लावले तर ही सवलत मिळत नाही, तेवढे पाहून ठरवावे. दुसरे, प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ही पाच वर्षांची योजना १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. तिच्यात वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत पस्तीस लाखांपर्यंत आणि कर्ज पंचवीस लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. देशात कुठेही पक्के घर नावावर नसावे आणि घर बाईच्या नावाने किंवा तिच्यासह असावे अशी अट आहे. परभणी शहर आणि गंगाखेड, पूर्णा, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, सोनपेठ या नगरपालिकांच्या हद्दीतल्या लोकांनी बँकेत या योजनेचे नाव घेऊन विचारावे. बँक आपण होऊन सांगेलच असे नाही. रमाई आवास योजनेविषयी पुष्कळ जण विचारतात. ते अनुदान आहे, कर्ज नव्हे. त्यासाठी बांधायला स्वतःची जागा लागते, म्हणून तयार घर विकत घेणाऱ्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

जागेवरून आठवले. कितीदा असे होते की पगाराची अडचण सुटते आणि कर्ज जागेच्या कागदावर अडते. परभणीच्या भोवती गुंठ्या-गुंठ्याने विकलेले प्लॉट भरपूर आहेत. सात-बारा शेतीचा, अकृषिक परवाना नाही, नकाशा मंजूर नाही, आणि विक्री नुसत्या बाँडवर. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना संधी मिळाली. ज्या घराचे गुंठेवारी प्रमाणपत्र नाही त्यावर चांगली बँक कर्ज देत नाही. म्हणून इसार देण्याआधी वकिलाकडून कागद पाहून घ्यावेत. आणि इसार पावतीत, साठेखतात एक ओळ जरूर घालून घ्यावी की बँकेचे कर्ज मंजूर न झाल्यास इसाराची रक्कम पूर्ण परत मिळेल. ही ओळ नसली की पन्नास हजार वाचवण्यासाठी माणूस साडेसहा लाखांच्या व्याजाला मान देतो. आमच्या भगिनीच्या पावतीत ही ओळ नव्हती. वस्तीतले दोन ज्येष्ठ घरमालकाकडे गेले, बाळंतीण घरात आहे म्हणून समजावले, तेव्हा त्याने दोन महिने वाढवून दिले. माणूस भला निघाला, पण अशा भलेपणावर व्यवहार करू नये.

तिचे पुढे काय झाले ते सांगतो. कार्यालयातून पाच गोष्टींचा दाखला मिळवायला तीन आठवडे आणि सहा खेपा लागल्या. तेवढ्यात थकलेला रजेचा पगारही जमा झाला आणि खातेउताऱ्यात एकदम मोठी नोंद आली. दुसऱ्या बँकेत अर्ज दिला. तिथल्या बाई अधिकाऱ्यांनी आदेशांची शिवलेली चळत एकेक करून पाहिली. तिच्यावर बचत गटाचा दीड हजारांचा हप्ता आधीच होता. सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत बसले पाहिजेत या हिशेबाने दहाऐवजी नऊ लाख मंजूर झाले. एक लाख कमी पडले ते तिच्या भावाने दिले, आणि त्याची चिठ्ठी लिहून घेतली, जी बहीणभावातही असावी. घर दोघांच्या नावाने झाले. सासूबाई आधी रुसल्या होत्या. आता नातीला घेऊन त्याच घराच्या ओट्यावर बसतात.

ज्या भगिनींना अजून दिवस जायचे आहेत किंवा नुकतेच गेले आहेत, त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. पगार सुरू असतानाच, रजेवर जाण्याच्या तीन-चार महिने आधी अर्ज करावा. मंजुरीपत्र हातात आले की ते काही महिने चालते. बँक विचारील तर खरे सांगावे. ढोल बडवायची गरज नाही आणि लपवण्यासारखे तर काहीच नाही. एक गोष्ट मात्र करू नये. वेतनचिठ्ठी मिळावी म्हणून दोन महिन्यांचे बाळ घरी ठेवून रजा अर्धी मोडून कामावर जाऊ नये. असे करणाऱ्या तिघीजणी मला माहीत आहेत. दूध आटले, अंगावर काढले, आणि घर तर तीन महिने उशिरानेही झाले असते. २६ आठवडे हा हक्क आहे, तो हप्त्यासाठी विकायचा नाही.

हप्ता किती झेपेल याचा विचार करताना भगवंतांनी सिगालाला सांगितलेली मिळकतीची वाटणी आठवावी. चार भागांतला एक भाग अडचणीच्या काळासाठी बाजूला ठेवायला त्यांनी सांगितले. अकरा महिन्यांच्या आदेशावर जगणाऱ्या घरात अडचणीचा काळ दर बाराव्या महिन्याला येतो. म्हणून निदान सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय कर्जाची सही करू नये. आणि अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ऋण नसण्याचे सुखही आहे, म्हणून पुढे कधी थकबाकी मिळाली, बोनस मिळाला, तर तो मुदलात भरावा. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जात मुदतीपूर्वी पैसे भरले म्हणून व्यक्तीला दंड लावता येत नाही.

सही करायच्या दिवशी दोन गोष्टी पाहाव्यात. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक कर्जदाराला मुख्य माहितीचे एक पत्रक द्यावे लागते. त्यात सर्व खर्च धरून व्याजाचा वार्षिक दर किती पडतो ते लिहिलेले असते. ते मराठीत मागावे आणि घरी आणून वाचावे. दुसरे, कर्जासोबत विमा घ्याच असा आग्रह होतो आणि त्याचा हप्ता हळूच कर्जात मिळवला जातो. विमा चांगला, पण तो कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे आपण ठरवावे, आणि घेतलाच तर त्यात बाईचाही जीव धरला आहे ना, हे पाहावे. बहुतेक ठिकाणी फक्त नवऱ्याचाच धरलेला असतो.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो आणि अंगठ्याचा ठसा तिथेच घेतात, म्हणून तिने स्वतः जावे. बाळंतीण कशाला उन्हात, आम्ही सही करून येतो, असे कोणी म्हणाले तरी ऐकू नये. सकाळी लवकर नंबर लावावा, बाळाला सोबत घ्यावे, सासूबाईंनाही घ्यावे. तिथे बसायला बाक कमी असतात, तेव्हा एक सतरंजी जवळ असलेली बरी.